माग क्रमांक ३१२

एक हजार एकशे चाळीस कानांपैकी एक हजार एकशे एकोणचाळीस माझ्या यादीत बसले होते. एक बसायला तयार नव्हता.

४१७ नंबर. इरफान मुजावर, शेड क्रमांक दोन, पहिली पाळी. सहा दिवस रोज मी त्याच्या यंत्रावर नवं प्रोफाइल पाठवत होते आणि रोज पडद्यावर तेच लाल वाक्य उमटत होतं : 'कानाचा ठसा जुळत नाही.' मी यंत्र बदललं, जुनी नोंद पुसून नवी केली. पुण्याच्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला, तर तिथल्या गोड आवाजाने मला यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. अठरा वर्षं नेटवर्कमध्ये काढल्यावर हे ऐकायला मिळतं. आणि सोमवारी सकाळी सातला जुनी पद्धत कायमची बंद होणार होती. तसं वरून पत्रच आलं होतं. ज्याच्या कानावर नवं प्रोफाइल नाही, त्याने शेडमध्ये पाऊल ठेवायचं नाही.

मी हेमलता बुगड. इचलकरंजीच्या पंचधारा यंत्रमाग सहकारी संस्थेत नेटवर्क प्रशासक आहे. हुद्दा ऐकायला बरा वाटतो. प्रत्यक्षात कुणाच्याही यंत्रात काहीही खुट्ट झालं की शिव्या खायची जागा, एवढाच त्याचा अर्थ.

ज्या यंत्राबद्दल बोलतेय, त्याचं कागदावरचं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे. कामगारांनी पहिल्याच दिवशी ते 'भिकबाळी' करून टाकलं, कारण ते कानाच्या वरच्या पाळीला अडकवतात. शेवटी संचालक मंडळाच्या ठरावातही भिकबाळीच आली.

ती काय करते ते सांगते. शेडमध्ये एका छताखाली अठ्ठेचाळीस एअरजेट माग असतात. हवेच्या फवाऱ्यावर धागा फेकणारे, मिनिटाला हजार वेळा. त्या आवाजात शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नाही. पण आवाज हा तसा सावकाश चालणारा गडी. शेडच्या या टोकापासून त्या टोकाला जायला त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो. रेडिओलहरीला तेवढं अंतर म्हणजे काहीच नाही. म्हणून प्रत्येक मागावर एक टिकली बसवली. माग जो आवाज करतो, तो ती टिकली त्याच क्षणी रेडिओवरून सगळ्यांना कळवते. खरा आवाज हवेतून रांगत येईपर्यंत भिकबाळीला त्याचा चेहरामोहरा पाठ झालेला असतो. ती बरोबर त्याच्या उलटा आवाज कानात सोडते, आणि दोघांची वजाबाकी होऊन उरते शांतता. माणसाचं बोलणं मात्र ती कानामागच्या हाडाच्या थरथरीवरून उचलते आणि दहा पावलांच्या आतल्या सगळ्या भिकबाळ्यांना पोचवते. म्हणजे मागांचा वजा, माणसांचा जमा. हे सगळं शेडमधल्या नेटवर्कवर चालतं, शेडबाहेर ती काही कामाची नाही. पहिल्यांदा ती कानाला लावून शेडमध्ये उभी राहिले, तेव्हा दोन बायका शेवग्याच्या आमटीवर वाद घालत होत्या आणि मला त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

हे सगळं चार वर्षं बिनबोभाट चाललं. मग कानामागून आलं आणि तिखट झालं ते नवं प्रोफाइल. आता प्रत्येक भिकबाळी एकाच माणसाच्या कानाला बांधायची. ती कानात बारीक टिचकी वाजवते, कानाच्या पोकळीतून तिचा पडसाद घेते आणि त्यावरून कुणाचा कान ते ओळखते. प्रत्येकाची पोकळी वेगळी, त्यामुळे पडसाद वेगळा. आठवडाभर ती तो कान शिकते, त्याला काय कमी ऐकू येतं ते भरून काढते, आणि मग दुसऱ्या कुठल्याही कानावर चालत नाही. कल्पना वाईट नाही. फक्त ती माझ्या एकटीच्या डोक्यावर आणून आदळली होती. शिवाय शेडमधल्या नेटवर्कच्या पेट्या मागांच्याच वीजलाइनवर आहेत, त्यांना वेगळी लाइन द्या, म्हणून मी तीन वर्षांपूर्वी दिलेला अर्ज जनरल मॅनेजर कबाडेसाहेबांच्या टेबलावर तसाच पडून होता, तो वेगळाच वैताग.

घरी गेले की दुसरी पाळी सुरू व्हायची.

घरात मी आणि आप्पा, दोघंच. आप्पा म्हणजे माझे वडील, महादेव बुगड, वय चौसष्ट. चाळीस वर्षं मागावर काढली, त्यातली अडतीस भिकबाळीच्या आधीची, आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्या आवाजाने कान खाऊन टाकले. आता समोरच्याचे ओठ हललेले दिसतात, शब्द येत नाहीत.

"आप्पा, भात वाढू?"

"आं?"

"भाऽत! वाढू काऽ?"

"आज गुरुवार हाय."

दिवसभर लोकांच्या कानांशी झटापट केल्यावर रात्रीच्या जेवणाला माझ्यात ओरडायचं त्राण नसे. मी भात वाढून मोकळी व्हायची. गेल्या वर्षभरात तर त्यांनी "आं?" म्हणणंही सोडलं होतं. मी काही बोलले तरी मान खाली घालून जेवत राहायचे. मला वाटायचं, मुद्दाम करतात. एकदा मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं, म्हणजे ओरडून दाखवलं. त्यांनी ताट उचललं आणि मोरीकडे गेले.

साधं कानाचं मशीन त्यांच्या कपाटात पडून होतं. ते सगळंच मोठं करतं : कुकर, भांडी, रस्त्यावरचा हॉर्न. "डोक्यात माग चालू केल्यागत हुतंय," म्हणून त्यांनी ते रुमालात गुंडाळून ठेवलं. आई होती तोवर ती त्यांच्याशी हातांनी बोलायची. ती कांडीवाली होती, म्हणजे जुन्या मागांसाठी कांड्या भरायची. त्या काळात शेडमध्ये बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून मागवाल्यांच्या हाताच्या खुणा होत्या. चहाची खूण, मुकादम आल्याची खूण, धागा तुटल्याची खूण. लहानपणी डबा घेऊन जायचे तेव्हा मलाही थोड्या यायच्या. आई गेल्यावर घरात त्या खुणा करणारं कुणी उरलं नाही. मला वाटलं, मोठ्याने बोललं की भागेल.

सकाळी साडेसहाला आप्पा डोक्यावर टोपी घालून बाहेर पडायचे आणि अकरा-साडेअकराला परत यायचे. देवळाच्या कट्ट्यावर बसत असतील, असं मी धरून चालले होते. विचारायचं म्हणजे ओरडावं लागलं असतं.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी स्वतःची भिकबाळी कानाला अडकवली आणि तावातावाने शेड क्रमांक दोनमध्ये शिरले. म्हटलं, हा इरफान मुजावर आहे तरी कोण आणि याच्या कानात काय भरलंय, ते समोरासमोर बघते.

इरफानच्या मागांपाशी आप्पा उभे होते.

टोपी कमरेला खोचलेली, वरच्या पाळीला भिकबाळी. आणि ते बोलत होते. माझे आप्पा, जे घरात आठ-आठ दिवस तोंड उघडत नाहीत, ते शेजारच्या मागावरच्या सुरेखा तेरदाळेला सांगत होते, "आगं, तुझ्या सासूला म्हणावं, वांगं भाजताना तेलाचा हात लाव, मग बग साल कशी सुटती. आमची मालन तसंच करायची." मालन म्हणजे माझी आई. सुरेखा हसत होती. आप्पाही हसत होते.

मी तिथेच थबकले. मग हळू, अगदी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आप्पा?"

ते गर्रकन वळले. पाठ माझ्याकडे होती, तरी वळले.

"हेमा? तू हितं कशाला आलीस?"

"तुम्ही इथे काय करताय?"

"बदली," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "इरफानची. सात ते अकरा."

बदलीची पद्धत आमच्या धंद्याइतकीच जुनी. कायम कामगाराला अडचण आली की तो आपल्या जागी दुसरा माणूस उभा करतो, हजेरी कायमवाल्याचीच लागते. सगळ्यांना ठाऊक असतं, कागदावर कुठेच नसतं. इरफानची बायको मिरजेला नर्स, तिची सकाळची पाळी, घरात तीन महिन्यांच्या जुळ्या पोरी. म्हणून अकरापर्यंत तो पोरी सांभाळायचा आणि आप्पा त्याची भिकबाळी लावून त्याचे माग बघायचे. अकराला इरफान आला की भिकबाळी त्याच्या कानाला. एकाच यंत्राला रोज दोन कान! आणि मी सहा दिवस पुण्याशी भांडत होते. आमच्या प्रोफाइलमध्ये सगळं होतं, वय, पाळी, रक्तगट. बदलीचा रकाना नव्हता. तो कुणाच्या डोक्यातच आला नव्हता, आणि मी तर मागवाल्याची पोरगी.

"पण का आप्पा? या वयात? इरफान काही देतो का तुम्हाला?"

"च्या पाजतो की." त्यांनी मागावर एक नजर टाकली. "हेमा, मला हितं ऐकू येतंय गं. सगळ्या गावात हितंच येतंय. घरात न्हाई, देवळात न्हाई. ह्या हितं सुरेखा बोलती, बाकीची आपापल्या घरचं सांगत्यात, मी बोललेलं त्यास्नी कळतंय, त्येंचं मला. चार तास माणसात असतो बग."

सगळ्या इचलकरंजीत जी जागा सर्वांत कर्कश, तिथेच माझ्या बापाला माणसाचा आवाज ऐकू येत होता. आणि सोमवारी सकाळी सातला मीच तो बंद करणार होते.

आम्ही अर्धा तास बोललो. मागांच्या मधल्या बोळात उभं राहून, आईबद्दल, त्यांच्या गुडघ्याबद्दल, माझ्या मोडलेल्या लग्नाबद्दलसुद्धा. आवाज न चढवता. शेवटचं असं कधी बोललो होतो, मला आठवत नव्हतं.

मी सरळ मार्गानेही प्रयत्न केला, नाही असं नाही. दुपारी कबाडेसाहेबांकडे गेले. नावं न घेता विचारलं, बदली कामगारांसाठी यादीत वेगळा गट करता येईल का?

"बदली?" त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, आपल्याकडं बदली नाहीत. तसं मी गेल्याच महिन्यात वर लिहून दिलंय."

"पण साहेब, आहेत."

"तुम्ही नेटवर्क बघा."

मी नेटवर्कच बघितलं. रविवारी दुपारी ऑफिसात एकटी बसून यादी वर-खाली करताना मला ३१२ सापडला. यादीत माणसांप्रमाणे मागांचीही नावं असतात, कारण त्यांच्या टिकल्याही नेटवर्कवरच बोलतात. माग क्रमांक ३१२ दिवाळीत भंगारात गेला होता, पण यादीतून कुणी काढला नव्हता. हा माग आप्पांचाच, शेवटची नऊ वर्षं ते त्यावर होते. आणि मुख्य म्हणजे यंत्राच्या गटाला कानाचा ठसा लागत नाही. मागाला कुठला आलाय कान? तपासणी नाही, वयाची अट नाही.

स्टोअरमधून एक जादा भिकबाळी काढली आणि ती '३१२' या नावाने नोंदवली; ४१७ आता एकट्या इरफानच्या कानाला. एका क्लिकवर माझा बाप माग झाला. मला माझ्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं! सोमवारी सकाळी आप्पा शेडमध्ये गेल्यावर मी ऑफिसातल्या माइकवरून त्यांना विचारलं, "आप्पा, ऐकू येतंय का?" पडद्यावरच्या कॅमेऱ्यात त्यांनी मान डोलावली आणि हात वर केला. झालं, चाचणी पूर्ण.

ऐकू येतंय का, एवढंच मी विचारलं. तुम्ही काहीतरी बोला, असं म्हणायचं मला सुचलंच नाही.

त्यानंतरचे तीन दिवस विचारू नका. नाकी नऊ आले. एकाला आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी येत होता. एकाने भिकबाळी बायकोच्या कानाला लावून बघितली आणि ती कुलूपबंद झाली. चौघांनी तर, "मॅडम, जुनं हुतं तेच बरं हुतं, तेच परत द्या," म्हणून दारातच ठिय्या दिला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत. त्यात नव्या प्रणालीला सूचना पाठवायची भारी हौस. दर दहा मिनिटांनी टिंग. त्यातल्या कितीतरी ३१२ बद्दल होत्या : 'माग क्र. ३१२ : आवाज अनियमित. तेलपाणी करावे.' मी न वाचता बाजूला सारत होते. भंगारातल्या मागाला म्हणे तेल घाला!

मंगळवारी संध्याकाळी आप्पा स्वतःहून माझ्यासमोर येऊन बसले. "सुरेखाला काय झालंय गं? बोलतच न्हाई माझ्यासंगं."

मी कागदाच्या कपट्यावर लिहिलं, 'कामात असेल.' माझं डोकं आधीच फुटायची वेळ आली होती.

बुधवारी म्हणाले, "इरफानबी बोलंना. मी बोलतोय, त्यो बघून नुसता हसतो आन् मान हलवतो. आपसात बोलत्यात ते समदं येतंय मला ऐकू. माझंच कुणी घेत न्हाई."

"असं काही नसतं हो आप्पा!" मी ओरडले. "मनाचे खेळ आहेत तुमचे!"

त्यांना ते ऐकू गेलं की नाही, देव जाणे. ते उठून आत गेले.

गुरुवारी पावणेअकराला ती सूचना पुन्हा आली. माग क्र. ३१२, आवाज अनियमित. या वेळी मी चिडून ती उघडली, कायमची बंद करायची म्हणून. खाली आलेख होता. मागाच्या आवाजाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो, एकसारखा, न थांबणारा. याच्यात मोकळ्या जागा होत्या. थोडा वेळ आवाज, मग शांत, मग पुन्हा आवाज. कुणीतरी प्रश्न विचारून उत्तराची वाट बघावी तसा. प्रणाली दुरुस्तीसाठी प्रत्येक मागाचा आवाज आठवडाभर साठवून ठेवते. मी इअरफोन लावले आणि सोमवारपासूनचा ३१२ चा आवाज चालू केला.

"सुरेखा, आगं वांगं केलंस का मग?"

शांत.

"सुरेखा? ... ऐकू जातंय न्हवं? ह्ये बग, मी म्हादूआण्णा."

शांत.

"इरफान, पोरींचा ताप उतरला का रं? ... आरं बोल की. रागावलास व्हय?"

मग बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, बहुधा स्वतःशीच :

"घरात आमची हेमा. दिवसभर हेच्यातेच्या कानाचं बगून घरी येती तवा तिच्या घशात आवाजच उरलेला नसतोय. म्हणून मी 'आं' म्हणायचंच सोडलं बाबा. कशाला तिला दोनदा बोलाय लावायचं. तिला वाटतंय, मी मुद्दाम करतोय." आणि थोड्या वेळाने, "पर तुमचं काय? तुमच्यासंगं तर बोलतोय की मी. माझं काय चुकलं?"

मी इअरफोन ओढून काढले. मला सगळं लख्ख कळलं होतं, तीन दिवस उशिरा. मागांचा वजा, माणसांचा जमा. आप्पांची नोंद मागांत होती. म्हणजे त्यांच्या भिकबाळीतून जे काही निघेल तो मागाचा खडखडाट, आणि शेडमधली प्रत्येक भिकबाळी तो इमानेइतबारे वजा करत होती. त्यांना सगळ्यांचं ऐकू येत होतं. त्यांचं कुणालाही नाही. आजवर ते घरात बहिरे होते. मी त्यांना शेडमध्ये मुकं करून ठेवलं होतं.

भिकबाळी शोधायलाही थांबले नाही. जिना उतरून अंगण ओलांडलं. शेडचं दार ढकलणार, तेवढ्यात आतला गडगडाट थांबला. अठ्ठेचाळीस मागांचा आवाज एकदम. दिवे गेले, पंखे फिरत फिरत थांबायला लागले.

आत दाराजवळच्या खांबापाशी आप्पा मेन स्विचची दांडी दोन्ही हातांनी खाली दाबून उभे होते. आठ माग पलीकडे सुरेखा जमिनीवर बसली होती. तिची ओढणी कापड गुंडाळणाऱ्या रुळात गेली होती, गळ्याभोवती फास बसायला वीतभर उरली असेल नसेल. पाळीवर जरा आधीच आलेल्या इरफानने कात्रीने ओढणी कापली. सुरेखा खोकली, रडली, पुन्हा खोकली. जिवंत होती.

मग सगळे एकदम बोलायला लागले. "म्हादूआण्णा, वाचवलंसा!" "आण्णांनी बगितलं म्हणून बरं!" शेडमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि त्यात वीस-पंचवीस माणसं त्यांच्या नावाने ओरडत होती. पण मेन पडला तेव्हा नेटवर्कच्या पेट्याही बंद पडल्या होत्या. आप्पा याच्याकडून त्याच्याकडे बघत होते.

"काय? काय म्हणालाय?"

त्यांना मी दिसले. ते माझ्याकडे आले.

"हेमा, मी वराडलो गं. लई वराडलो. तिनं बगितलंच न्हाई. कुणीच बगितलं न्हाई."

काय बोलणार आणि कसं? मला एकही खूण आठवेना. सुरेखाच पुढे आली. तिची आईही जुन्या मागावरची. तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला, मग तोच हात आप्पांच्या छातीवर ठेवला आणि दोन बोटांनी तुटलेला धागा पिळून जोडल्यासारखं केलं. आप्पांना ते लगेच कळलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते खाली बसले.

वीज आल्यावर नोंदवही आपोआप उघडली. शेवटची ओळ अशी होती : '१०.५२. माग क्र. ३१२ : आवाज कमाल मर्यादेबाहेर. वजा करण्यात आला.'

कबाडेसाहेबांनी तासाभरात मला बोलावलं. त्यांना सगळं कळलं होतं, पण ते ओरडले नाहीत. उलट मला बसायला सांगून पाणी दिलं. ते त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

"हे बघा, मॅडम. जीव वाचला, झालं. तुम्ही अहवालात लिहा, ३१२ मध्ये तांत्रिक बिघाड होता, त्यामुळं शेड आपोआप बंद पडली. तुमच्यावर काही नाही, वडलांवर नाही, मुजावरवर नाही, माझ्यावर नाही. शेड आपोआप बंद पडली म्हटल्यावर वरची मंडळीही खूश."

इतकं सोपं होतं ते. मी ऑफिसात येऊन तसं लिहायलाही घेतलं. 'माग क्र. ३१२ मध्ये' इथपर्यंत लिहून झालं. मग पुढे हात चालेना. तीन दिवस तो माणूस बोलत होता आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला खडखडाट ठरवलं होतं. आता त्याने एका बाईचा जीव वाचवला, तर तेही मी भंगारातल्या लोखंडाच्या नावावर टाकू?

सगळं पुसलं आणि नव्याने लिहिलं : '३१२ हा माग नव्हता. ते महादेव रामचंद्र बुगड, वय ६४, बदली कामगार. त्यांची चुकीची नोंद मी केली. त्यांनी वेळेवर ओरडून सावध केले. आपल्या नेटवर्कने ते कुणालाही ऐकू दिले नाही.' खाली सही केली आणि जोडीला वेगळ्या वीजलाइनचा जुना अर्ज पुन्हा लावला.

कबाडेसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "हात दाखवून अवलक्षण," ते म्हणाले आणि मला निलंबनाचं पत्र दिलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत. इरफानला नोटीस. फाटकावर नवी पाटी लागली : बदली कामगारांना सक्त मनाई. बदलीचा गट करायचा की नाही, ते मंडळाच्या पुढच्या सभेत ठरेल म्हणे. ती सभा कधी, ते विचारलं तर म्हणाले, कळवू. एकूण काय, सगळं केलं आणि कुणाचंच भलं झालं नाही, अशा मनःस्थितीत मी चार वाजता घरी निघाले. इतक्या उजेडात घरी जायची सवय नव्हती.

आप्पा दारातल्या खुर्चीवर बसले होते. टोपी मांडीवर. मी एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ते पत्र घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. ओरडायला तोंड उघडलं आणि शेजारची बाई गॅलरीतून बघतेय हे दिसलं. मग पत्रच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते लांब धरून सावकाश वाचलं. सोबतची अहवालाची प्रतही वाचली. 'ते कुणालाही ऐकू दिले नाही' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"म्हंजी ते रागावले नव्हते?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"त्यास्नी जातच नव्हतं."

मी पुन्हा मान हलवली. त्यांचे खांदे सैल झाले. त्यांनी पत्राची घडी घातली. मग एकदम वर बघून म्हणाले, "मग तुला कसं कळलं?"

मी कानाला हात लावला आणि त्यांच्याकडे बोट केलं.

"ऐकलंस? यंत्रात ऱ्हातंय व्हय ते?" त्यांचा चेहरा जरा बदलला. "समदं ऐकलंस?"

घरातलं, घशातल्या आवाजाचं, ते 'आं' सोडल्याचं. मी मान डोलावली. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवायचं नव्हतं.

आप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली, खुर्ची जरा पुढे ओढली आणि माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "मग आता उत्तर दे की."

मी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात मोकळे केले.